एक अंशावर घसरलेला डबा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी नसेल तर पाहुण्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. पुठ्ठ्याचा शंकू, त्यावर मातीचा लेप, आत खाण्याचा सोडा आणि वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस येतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. आमच्याकडेही दरवर्षी कुणी ना कुणी तो करायचंच. गंमत अशी की आमची शाळा पाटण तालुक्यात, म्हणजे ज्या डोंगरावर ती उभी आहे तो सगळाच लाव्ह्याचा. पण हा लाव्हा काही शंकूच्या टोकातून उसळलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तो बाहेर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुढचा थर आला. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या. सोड्याचा फेस यातलं काहीच सांगत नाही. बघायला झकास, शिकायला शून्य.

२०२२ साली मी दहावीत होते. विज्ञान भाग २ च्या पुस्तकात 'आपत्ती व्यवस्थापन' हा अगदी शेवटचा धडा आहे. एरवी तो सराव परीक्षेच्या तोंडावर "हे घरी वाचून या" म्हणून उरकला जातो. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी तो शाळा सुरू झाल्या झाल्या, ऐन पावसात घेतला. आणि पहिल्याच तासाला फर्मान काढलं, "यंदा ज्वालामुखी बंद. जे आपल्या तालुक्यात घडतं तेवढंच करायचं, आणि ज्यात काही मोजता येईल तेच करायचं."

आपल्या तालुक्यात काय घडतं हे कुणाला विचारायची गरज नव्हती. आदल्या वर्षी, २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला होता. आमच्या गावाला काही झालं नाही, पण पुढचे कित्येक दिवस शाळेच्या वर्गांमध्ये वरच्या वाड्यांवरची माणसं राहिली होती. फळ्याखाली कुणाची तरी चूल लागलेली, तिचा काळा डाग भिंतीवर तसाच होता. आम्ही त्या वर्गात बसून 'दरड कोसळण्याची कारणे लिहा' शिकत होतो.

सुरुवात पर्जन्यमापकापासून झाली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून आधी सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरायचं, तिथं शून्याची खूण करायची आणि त्यावर पट्टी चिकटवायची. हे सगळं अर्ध्या तासात झालं. वाद मात्र पुढचा पूर्ण तास चालला. माझ्या मैत्रिणीनं घरून लोणच्याची रुंद, सरळ बरणी आणली होती, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचं म्हणणं होतं की तिच्या बरणीत जास्त पाऊस मोजला जाणार, कारण तोंड मोठं. बाईंनी उत्तर दिलं नाही. दोन्ही भांडी शाळेच्या मोकळ्या गच्चीवर शेजारी शेजारी ठेवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बघायला सांगितलं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. दोन्हींतली उंची सारखीच भरली. तोंड मोठं म्हणून पाणी जास्त येतं, पण भांडंही तेवढंच रुंद, भरायला तेवढंच जास्त लागतं. 'एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी' हे वाक्य मी त्याआधी पाठ केलेलं होतं. त्या सकाळी ते मला कळलं.

मग बाईंनी आकडा दिला: २२ ते २३ जुलै २०२१ च्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर. आमची बाटली तेवढी उंचच नव्हती. एकावर एक तीन ठेवल्या तरच पुरलं असतं. वर्गाच्या दारावर खडूनं रेघ मारली तर ती जवळजवळ दोन फुटांवर आली. पण माझं डोकं खरं चाललं ते गुंठ्याच्या हिशेबानं. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. गुणिले ५९४. साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे सहा टँकर, वजन साठ टन. एका गुंठ्यावर, एका दिवसात. वरच्या उतारावरून वाहत आलेलं वेगळं. आमच्या घरामागची तिरकी जमीन सात गुंठे आहे. मी वहीत गुणाकार केला आणि त्यावर पान उलटलं.

जाता जाता एक: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ पासून अति मुसळधार, आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. आमच्याकडे जुलैत सत्तर मिलिमीटरला कुणी मुसळधार म्हणत नाही. "आज बरा होता" म्हणतात. टीव्हीवर 'मुसळधार पावसाचा इशारा' आला की आजोबा चॅनेल बदलतात, त्याचं कारण मला या तक्त्यात सापडलं.

दुसरा प्रयोग दरडीचा. आंब्याच्या दोन लाकडी पेट्या घेतल्या, तळाला गुळगुळीत फरशीचे तुकडे बसवले, वर चार बोटं लाल माती दाबून भरली. एका पेटीत नाचणी पेरली आणि ती वीतभर होईपर्यंत थांबलो. दुसरी उघडी ठेवली. मग दोन्ही पेट्या एकाच कोनात तिरक्या करून झारीनं पाणी घालायचं. उघड्या पेटीत लगेच ओघळ पडले, गढूळ पाणी खालच्या घमेल्यात यायला लागलं. नाचणीच्या पेटीतून पाणी येत होतं ते जवळपास नितळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकातलं उत्तर सिद्ध झालं होतं: झाडे लावा, धूप थांबवा. दोन गुण.

बाई म्हणाल्या, "थांबू नका. घाला अजून."

झाऱ्यांवर झाऱ्या ओतल्या. उघड्या पेटीत ओघळ खोल होत गेले, पण माती बहुतेक जागेवरच राहिली. नाचणीच्या पेटीत बराच वेळ काहीच दिसेना. मग वरच्या कडेला, पेटीच्या लाकडापासून मातीनं सुटून एक बारीक भेग धरली. ती पट्टीनं मोजेपर्यंत अख्खा थर, उभ्या नाचणीसकट, फरशीवरून सरकला आणि घमेल्यात जाऊन बसला. एकही रोप आडवं झालं नव्हतं.

वर्गात एक मुलगा वरच्या वाडीचा होता. तो हळूच म्हणाला, "आमच्या मामांनी असंच सांगितलं होतं. झाडं उभीच्या उभी खाली आली." त्यावर बाईंनी फक्त एवढं विचारलं की नाचणीची मुळं किती खोल गेली होती आणि माती कुठून सुटली. मुळं दोन-अडीच बोटं. माती सुटली ती चार बोटांवर, फरशीला लागून. मुळं जिथवर जातात तिथवरच धरतात. झाडं लावू नका असा याचा अर्थ कुणी काढू नये; वरवरची धूप त्यांनी खरंच थांबवली होती आणि मोठ्या झाडांची मुळं खोल जातात. पण घसरणारी पातळी मुळांच्याही खाली असेल तर वरची हिरवळ बघून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. बोर्डाच्या परीक्षेत मी हे लिहिलं नाही. 'वृक्षारोपण करावे' लिहिलं आणि गुण घेतले.

माती का सुटली, या प्रश्नाला आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: पाण्यानं निसरडी झाली. अजूनही बहुतेक लोक हेच सांगतात. ते अर्धवट आहे हे ज्यामुळे कळलं तो प्रयोग माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात चांगला होता, आणि त्यात ना माती होती, ना डोंगर, ना पाऊस.

साहित्य: फोटो फ्रेमची एक काच आणि कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा रिकामा डबा. (तो रिकामा कुणी करायचा यावर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.) काच ओली करायची. डबा उलटा, भोक असलेली बाजू खाली येईल असा तिच्यावर ठेवायचा आणि काचेचं एक टोक हळूहळू उचलायचं. डबा घसरायला लागला की कोनमापकानं कोन मोजायचा. आमचा कोन पंधरा ते अठरा अंशांच्या मधे येत होता. इथवर यात काही नवल नाही.

नंतर तोच डबा समोरच्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवला. दुकानदार काका कुरकुरले, पण ठेवू दिला. चांगला गारठल्यावर पळत आणला आणि पुन्हा ओल्या काचेवर उलटा ठेवला. या वेळी काचेच्या एका टोकाखाली फक्त एक पातळ वही होती. कोन मोजला तर अंशभर. नुसत्या डोळ्यांना काच सपाटच वाटत होती. काही सेकंद डबा जागेवर होता. मग, कुणी हात लावलेला नसताना, तो सावकाश निघाला. काचेच्या पार खालच्या टोकापर्यंत गेला, त्याची कड काचेबाहेर जरा डोकावली आणि थांबला.

वर्ग उभा राहून बघत होता. पुन्हा ठेवला, तर जागचा हलेना.

कारण शोधायला बाईंनी आम्हाला आख्खा तास दिला. गार डब्यातली हवा वर्गात आल्यावर तापते, फुगायला बघते. खाली ओली काच आणि डब्याची कड यांनी वाट बंद केलेली, म्हणून आतला दाब वाढतो आणि डब्याला किंचित वर उचलतो. डब्याचं वजन तेवढंच राहतं, पण काचेवर पडणारा त्याचा भार कमी होतो. भार कमी, तर घर्षण कमी. म्हणून एक अंश पुरतो. कड काचेबाहेर गेली की हवा निसटते, दाब जातो, डबा थांबतो. दुसऱ्यांदा तो हलला नाही कारण तोवर गारवा संपला होता. काच दोन्ही वेळा सारखीच ओली होती. म्हणजे निसरडेपणा हे कारण असूच शकत नाही. गरम पाण्यानं विसळलेला पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला की आपोआप सरकतो, ते हेच, असं मागच्या बाकावरून एकजण म्हणाली आणि बाईंचा चेहरा उजळला. नंतर कळलं की हा प्रयोग हबर्ट आणि रूबी या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडला होता, बिअरचा डबा वापरून. बाईंनी शाळेत तो तपशील का गाळला ते उघड आहे.

डोंगरात हवेच्या जागी पाणी असतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरत जातात, पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, दाब वाढतो आणि वरच्या मातीचा काही भार ते पाणी आपल्या अंगावर घेतं. माती आणि खडक यांच्यातली पकड तेवढी सैल होते. म्हणून अख्खा उतार कित्येक वर्षं ज्या कोनात उभा होता त्याच कोनात एका रात्री सुटतो. नाचणीच्या पेटीत आम्हाला नितळ पाणी दिसलं आणि टाळ्या वाजल्या, तेव्हा आत फरशीवर हेच चाललं होतं.

आणि हाच डबा भूकंपालाही लागू पडतो, हे कोयना धरणाच्या परिसरातल्या आमच्यासारख्या मुलांना सांगितल्यावर काय होतं ते विचारू नका. आमच्याकडे प्रत्येक घराचं धरणाबद्दल एक मत असतं. १९६२ पासून शिवसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, भरायला लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, सहाच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. तेव्हापासून धक्के थांबलेले नाहीत. पावसाळ्यात धरण भरल्यानंतर ते वाढतात हेही नोंदलेलं आहे. "पाण्याच्या वजनानं जमीन दबते" हे घरोघरचं स्पष्टीकरण. वजनाचा काही वाटा आहेच, पण जलाशयातलं पाणी भेगांतून खोल झिरपतं आणि तिथला दाब वाढवतं, हा मुद्दा डब्यानंतर आम्हाला सरळ कळला. भ्रंशावर, म्हणजे जिथं खडक तुटून सरकतो त्या भेगेवर, ताण आधीपासून साठलेला असतो. धरण तो निर्माण करत नाही, पकड सैल करतं. त्यावरून वर्गात जे भांडण लागलं ("म्हणजे दोष धरणाचा की नाही?") ते मधल्या सुट्टीतही चाललं.

भूकंपाच्या बाकीच्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. डब्यातल्या ओल्या वाळूत दगड ठेवून तो डबा ठोकला की दगड बुडतो, तो प्रयोग छान दिसतो, पण तो कच्छचा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तिथं जमिनीतून वाळू आणि पाणी वर आलं होतं. आमच्या पायाखाली काळा पाषाण, म्हणून बाईंनी तो एकदा दाखवून बाजूला ठेवला. गोट्यांवर फळी ठेवून केलेलं हलतं टेबल मुलांनी इतकं जोरात हलवलं की काहीच उभं राहिलं नाही, आणि त्यातून काही निष्कर्ष निघाला नाही.

भूकंपाच्या लाटांचा प्रयोग मात्र घरापर्यंत आला. आम्ही मैदानावर रांगेत एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिलो. मागून ढकललं की धक्का झटकन पुढे जातो. आडवं हलवलं की तोच हिसका रेंगाळत जातो. पहिली लाट वेगवान, दुसरी मंद आणि जास्त पाडापाडी करणारी. दोन्हींमधले सेकंद मोजून आठनं गुणले की केंद्र साधारण किती किलोमीटरवर आहे ते निघतं. मी हे आजीला सांगितलं. ती १९६७ ला नवी नवरी होती.

"त्यात काय नवं?" आजी म्हणाली. "आदी गुरगुर ऐकू येती, मग दणका बसतो. लांबचा असला तर मधी दम असतो. जवळचा असला की गुरगुर आन दणका एकदमच."

"त्या पहाटे?"

"त्या पहाटे गुरगुर कुणी ऐकली? उठलो तवा भित अंगणात पडली होती." मग तिनं हातानं दाखवलं: दगडमातीच्या भिंती कशा बाहेर फेकल्या गेल्या आणि आढं मात्र लाकडी खांबांवर तसंच राहिलं. तिच्या मते घरातले खांबांमुळे वाचले. नंतर थंडीत सगळं गाव उघड्यावर झोपायचं. सेकंद गुणिले आठ हे सूत्र तिला पटलं की नाही कुणास ठाऊक, पण त्यानंतर बारीकसा धक्का बसला की ती मला हाक मारून विचारते, "किती लांबचा गं?"

जवळच्या भूकंपात हातात सेकंदभरच असतो, हे कळल्यावर शाळेतल्या कवायतीकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. घंटा वाजते, मुलं हसत, ढकलाढकली करत जिन्यानं मैदानावर जातात, शिक्षक वेळ लिहितात. पण हादरे चालू असताना जिन्यावर जायचंच नसतं. खाली वाकायचं, बाकाखाली शिरायचं, बाक धरून ठेवायचा. आमचे बाक लोखंडी पट्ट्यांचे, खाली पाय ठेवायला आडवी दांडी. दहावीचं एकही मूल त्याखाली मावत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी शिरून बघितलं, मोजमापं घेतली आणि तो तक्ता प्रदर्शनात लावला.

प्रदर्शनात आमचं टेबल ओस होतं. गार डबा आणायला दर वेळी कुणीतरी पळायचं, तोवर लोक पुढच्या टेबलावर गेलेले असायचे. तिथं दुसऱ्या शाळेचा ज्वालामुखी होता, धुरासकट. एका परीक्षकांनी काच, डबा, वही असं सगळं निरखलं आणि विचारलं, "छान आहे, पण यात आपत्ती कुठंय?" माझ्या मैत्रिणीनं त्यांना गुंठ्याचा हिशेब सांगायला घेतला. ते तीन टँकरपर्यंत थांबले.

आता मी कराडला भूशास्त्र शिकते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची भूकंपावर काम करणारी प्रयोगशाळा इथून जवळच, हजारमाचीला आहे. कोयना भागात गोठणे इथं त्यांनी तीन किलोमीटर खोल विवर घेतलंय. किलोमीटरभराहून जास्त बेसॉल्ट, म्हणजे तोच लाव्ह्याचा काळा पाषाण, आणि त्याखाली ग्रॅनाइट. इतक्या खाली जाऊन ज्या गोष्टी मोजायच्या त्यांत भेगांतल्या पाण्याचा दाब आहे, हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. डबाच तो.

घरी मात्र प्रश्न वेगळा आहे. पर्जन्यमापक अजून चालू आहे, आता चुलत्यांनी अंगणात पक्का ओटा करून दिलाय आणि सकाळी साडेआठला तेच वाचून मला फोनवर आकडा पाठवतात. मागच्या उतारावर काय बघायचं हेही घरात सगळ्यांना माहीत आहे: नवी भेग, कललेला खांब किंवा झाड, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, अडकायला लागलेलं दार. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीची दरड कोसळली, त्यानंतरच्या पावसात आम्ही काही रात्री शाळेत झोपायला गेलो. पण किती मिलिमीटरला घर सोडायचं, असं चुलते विचारतात तेव्हा एक आकडा देता येत नाही. बाटली आभाळातून पडलेलं पाणी मोजते. उतारात किती साठलंय ते तिला दिसत नाही.

म्हणून या उन्हाळ्यात पीव्हीसीचा एक इंची पाइप उभा पुरायचा बेत आहे. खालच्या फूटभर भागाला भोकं, त्यावर जुन्या सुती कापडाची गुंडाळी, भोवती वाळू, आणि वरून पावसाचं पाणी थेट आत जाऊ नये म्हणून चिकणमातीचा बूच. आत टेप सोडली की जमिनीतलं पाणी किती वर आलंय ते कळेल. पहारीनं सहा-सात फूट खणता येईल असं चुलत्यांना वाटतं. मुरूम लागला तर तिथंच थांबावं लागेल. त्यांनी जागाही दाखवली आहे. फणसाच्या वरच्या अंगाला चालेल, हळदीच्या वाफ्यात नको.